ट्रकची घुटी

त्या हिवाळ्यात आमच्या घरात दोघंजण खोकत होते. एक माझी मयुरी, वय चार महिने. दुसरा आमचा ट्रक. त्याचं वय मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना विचारलं तर "आताच तं घेतला", आणि कागदपत्रांना विचारलं तर बारा वर्षं.

दोघं सकाळी एकदमच सुरू व्हायचे. निकेश, माझा नवरा, ट्रकला स्टार्टर मारायचा. ट्रक आधी नुसता घुरघुरायचा, मग सगळ्या अंगाला हिसके देत जागा व्हायचा आणि सायलेन्सरमधून काळाकुट्ट धूर आमच्या खोलीच्या खिडकीकडे सोडायचा. मी मयूला छातीशी धरून खिडकीच्या फटीत दुपटी कोंबत बसलेली असे. दुपटी काळी व्हायची, मयू खोकायची, तिचं खोकणं ऐकून माझाही श्वास अडकायचा.

देवळीत लग्न होऊन आले तेव्हा "त्यांच्या घरी ट्रक आहे" असं माझ्या वडिलांना सांगितलं गेलं होतं. "त्यांच्या घरी विहीर आहे" म्हणतात ना, त्या सुरात. तो ट्रक माझ्या उशाशी झोपणार आहे, हे कुणी सांगितलं नव्हतं. मी वर्ध्याची, बी.एस्सी. झालेली. माझ्या माहेरी सगळ्यांत मोठा आवाज म्हणजे कुकरची शिट्टी.

दसऱ्यापर्यंत ट्रक प्रेमदास चालवायचा. त्याला शाळेच्या बसवर नोकरी मिळाली आणि तो गेला. मग निकेशनं स्वतःच स्टिअरिंग हातात घेतलं. नेमका तोच कापसाचा हंगाम. गावोगावचा कापूस भरून जिनिंगात न्यायचा, तिथली सरकी भरून तेलाच्या मिलमध्ये. संध्याकाळी निकेश घरी यायचा तो डोक्यापासून पायापर्यंत पांढरा. भुवयासुद्धा पांढऱ्या. मयू त्याला पाहून हसायची आणि मग शिंकायची.

एक दिवस जेवताना मी धीर करून विषय काढला.

"मामाजी, ट्रक बाहेर उभा केला तर? जिनिंगाच्या आवारात? मयूला धुराचा त्रास होतोय."

मामाजींचा घास हातातच राहिला. "बाहेर? अवं, तिथं लोकं टाकीत नळी टाकून डिझेल ओढून नेतात. सकाळी ट्रक उपाशी भेटते."

"पण पोरीची छाती..."

"पोरीले खोकला थंडीचा हाये," सासूबाई म्हणाल्या. त्यांचं नाव शोभाबाई, पण गल्लीत त्या 'निकेशची माय'. "मी सांगून राह्यली ना, घुटी दे. दोन येढे वेखंड, दोन येढे मुरडशेंग. तू तं आयकतच नाई."

इथे आमची जुनी लढाई होती. सहाणेवर एकेक मुळी उगाळून बाळाला चाटवायची, ही सासूबाईंची पद्धत. सहा महिने आईच्या दुधाशिवाय आणि डॉक्टरांनी दिलेल्या थेंबांशिवाय काही नाही, ही माझी.

"निकेशले घुटी पाजली, म्हून तं एवढा ट्रक चालवून राह्यला," सासूबाई म्हणाल्या.

नसती पाजली तर कदाचित विमान चालवलं असतं, असं मी मनात म्हटलं. मोठ्यानं म्हटलं, "आई, घुटीचं राहू द्या. मी धुराचं बोलतेय."

मामाजी विचारात पडले. ट्रकला कुणी नावं ठेवली की त्यांना आतून लागतं, पण मयूसुद्धा त्यांची लाडकी. शेवटी त्यांनी ताटात हात झटकला.

"संक्रांतीले पोरीचं बोरन्हाण हाये ना? तवरिक धूर बंद नाई झाला, तं ट्रक जिनिंगात नेऊन उभा करीन. आन् झाला बंद, तं मंग या आंगणातून त्याले कोणी हालवायचं नाई. मंजूर?"

मी मंजूर म्हटलं. मला वाटलं, जिंकलेच. बारा वर्षांचा ट्रक महिन्याभरात काय सुधारणार?

मी विसरले होते की हे घर घुटीवाल्यांचं आहे.

दुसऱ्याच दिवशी अण्णाजी आले. हे मामाजींचे दोस्त, चौकात स्पेअर पार्टचं दुकान. ट्रकभोवती त्यांनी एक चक्कर मारली, सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं आणि वैद्यानं नाडी सोडावी तसे मागे झाले.

"महादेवराव, तुमच्या ट्रकमधी काई खराबी नाई. खराबी डिझेलमधी हाये. आताच्या डिझेलात तेलकटपणा ठेवलाच नाई कंपन्यायनं. पाण्यावानी पातळ. पंप आतून कोरडा पडते, मंग तो खोकते."

"मंग?"

"मंग टू-टी ऑइल. मोपेडमधी टाकतो तेच. टाकीत थोडं थोडं टाकत जा. पंपाचा घसा ओला राह्यते."

ते ऑइल अण्णाजींच्याच दुकानात मिळायचं, ही गोष्ट मी एकटीनंच लक्षात घेतली.

मामाजींनी ते मनावर घेतलं. रोज सकाळी स्नान करून, देवाला फूल वाहून, मग ट्रकला ऑइल. पहिल्या दिवशी धुराला मोपेडचा वास आला. काळा धूर होता तसाच, त्याला खालून निळी किनार आली.

"पाय, रंग बदलला," अण्णाजी म्हणाले. "म्हणजे गुण येऊन राह्यला."

दोन-चार दिवसांनी सकाळी मी खिडकीत दुपटी कोंबत होते तर भज्यांचा वास आला. खरा, गरमागरम भज्यांचा. मला वाटलं सासूबाई तळतायत. स्वयंपाकघरात गेले तर चूलही पेटली नव्हती आणि सोयाबीन तेलाचा डबा मात्र झाकण उघडं टाकून बसला होता. कुंपणापलीकडून कोकिळाबाईंनी मान वर काढली.

"काय वं रीता, सकाळी सकाळीच भजे? पाव्हणे आले का?"

"नाही हो काकू," मी म्हटलं, "ट्रक आहे तो."

कोकिळाबाई माझ्याकडे बघत राहिल्या. बाळंतिणीला असं कधी कधी होतं, असं काहीतरी त्या पुटपुटल्या.

त्या दिवशी ट्रक सरकी घेऊन निघाला तेव्हा गल्लीतली कुत्री त्याच्यामागे चौकापर्यंत गेली.

मग एके सकाळी देवळाचा वास आला. मी दुपटं हातात घेऊन अंगणात गेले. ट्रकच्या टाकीजवळ सासूबाई उभ्या. त्यांनी पदराआड मूठ लपवली.

"आई, काय टाकलं?"

"काई नाई."

"कापूर टाकला ना?"

"थोडासा," त्या म्हणाल्या. मग एकदम चढल्या आवाजात, "पोरीच्या छातीले कापराचं तेल चोळतो तं तिले बरं वाटते का नाई? मंग टाकीले काऊन नाई? याचीबी छातीच हाये ते."

मयूच्या छातीला त्या कापराचं तेल चोळतात, हे मला त्या क्षणी कळलं. पण एका वेळी एकच भांडण घ्यावं, म्हणून गप्प बसले.

खोलीत निकेशला म्हटलं, "तुझे आईबाबा काय करतायत बघतोयस ना?" सासूसासऱ्यांसमोर मी त्याला अहो म्हणते, खोलीत नाही.

"बाबा ऑइल टाकायचं विसरतात कधी कधी," तो म्हणाला. "म्हून मी रस्त्यात आणखी टाकून घेतो."

"विसरत नाहीत! रोज टाकतात!"

"हाव का?" निकेशनं डोकं खाजवलं. त्यातून रुई उडाली. "तरीच. परवा पुलगावच्या रोडवर मांगचा बसवाला माह्यावर शिव्या देत होता. त्याले समोरचं काई दिसून नाई राह्यलं."

म्हणजे बापाचं ऑइल, लेकाचं ऑइल, आईचा कापूर आणि कुणाचं तरी सोयाबीन तेल, हे सगळं एकाच टाकीत, प्रत्येकजण दुसऱ्याच्या नकळत. ट्रक मोठा असल्यामुळे जिवंत होता. मी मयूकडे पाहिलं. ती आपली मूठ तोंडात घालून चोखत पडली होती. हिच्याही बाबतीत प्रत्येकजण माझ्या नकळत काय काय करत असेल? त्या दिवसापासून मी न्हाणीघरात गेले तरी दार अर्धं उघडं ठेवू लागले.

ट्रकला गुण काही येईना. उलट चढावर तो दम टाकू लागला. मी वरवर काळजीचा चेहरा करायचे आणि कॅलेंडरवर संक्रांतीकडे बघायचे.

पण मयूचा खोकलाही थांबत नव्हता. दूध पिता पिता ती मध्येच सोडून द्यायची, नाक फेंदारून रडायची, पुन्हा धरायची. मी तिच्या छातीला कान लावून बसे. घुर्र, घुर्र. तो आवाज आणि अंगणातल्या ट्रकचा आवाज मला झोपेतही वेगळा करता येईनासा झाला.

संक्रांत तोंडावर आली आणि बोंडल्याचं प्रकरण झालं.

बोंडलं म्हणजे बाळाला पाजायची चोचीची वाटी. माझं चांदीचं, आईनं बारशाला दिलेलं. डॉक्टरांनी दिलेले थेंब मी त्यातून मयूला द्यायचे. त्या सकाळी मी बोंडल्यात थेंब टाकले, तर ते पसरले आणि त्यावर इंद्रधनुष्य उमटलं. मी बोंडलं नाकाशी नेलं.

मोपेड.

मी किंचाळले असणार, कारण सगळं घर खोलीच्या दाराशी आलं. मामाजींच्या खांद्यावर टॉवेल, हातात दात घासायची राख.

"हे कुणी घेतलं होतं?"

राखेची मूठ टॉवेलाआड गेली. मग मामाजी हळूच म्हणाले, "धुतलं होतं ना मी. राखीनं चांगलं घासलं होतं."

"मामाजी! मयूचं बोंडलं!"

"अवं, त्याची चोच लय कामाची हाये. मगानं ओतलं का निम्मं खाली सांडते. याच्यातून एक थेंब सांडत नाई. बराबर टाकीच्या तोंडात."

"कधीपासून घेताय?"

"परवापासून."

काल मी त्यातूनच थेंब दिले होते. मी मयूला झटकन उचललं. सासूबाईंनी मामाजींकडे असं पाहिलं की ते टॉवेलसकट अर्धे झाले.

"बुढ्ढ्याले अक्कल हाये का नाई!" त्या म्हणाल्या. "लेकराच्या बोंडल्यातून राक्षसाले पाजून राह्यला!"

"आन् तू देवाचा कापूर पाजला, ते?"

"निकेश!" मी ओरडले. अहो बिहो काही आठवलं नाही. "गाडी काढ! सेवाग्रामच्या दवाखान्यात चल, आत्ता!"

गाडी म्हणजे ट्रकच. बसची वाट बघायची माझी तयारी नव्हती. मी मयूला शालीत गुंडाळून केबिनमध्ये चढले, सासूबाई न सांगता माझ्यामागे चढल्या आणि आम्ही निघालो. मागे भज्यांचा, कापराचा आणि मोपेडचा धूर सोडत. मामाजी फाटकाशी उभे होते. धुरात आधी त्यांचे पाय दिसेनासे झाले, मग ते पूर्ण.

वाटेत चढ लागला. ट्रकनं दम टाकला. निकेशनं गिअर बदलला, पुन्हा बदलला. एक मास्तरीणबाई सायकलवर आमच्या शेजारून पुढे निघून गेल्या. त्यांनी वळून पाहिलंसुद्धा.

"चल रे बापा," सासूबाई डॅशबोर्डवर थापटी मारत म्हणाल्या, "चल रे राजा, पोरीसाठी चल." मग मला म्हणाल्या, "पाय, कसा घुरघुरून राह्यला. सर्दी झाल्यावानी."

मी मयूच्या ओठांना सारखी बोट लावून वास घेत होते. दुधाशिवाय कसलाच वास नव्हता, तरी मी घेत होते.

दवाखान्यातल्या डॉक्टर माझ्याहून फार मोठ्या नसतील. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. ऑइल, बोंडलं, राख, धूर. मी एका दमात सांगितलं. मग त्यांनी मयूला तपासलं, तोंड पाहिलं, छाती ऐकली, पुन्हा ऐकली.

"घासलेल्या वाटीला राहिलेला ओशटपणा. पोटात गेलाच असला तर नावापुरता. त्याचा काही त्रास दिसत नाही. तरी आज तिच्याकडे लक्ष ठेवा, श्वास भरभर वाटला तर लगेच आणा. आणि ते भांडं पुन्हा वापरू नका."

"आणि छाती? तो घुरघुर आवाज?"

"छाती स्वच्छ आहे. आवाज नाकाचा आहे." त्यांनी मिठाच्या पाण्याचे थेंब मयूच्या नाकात टाकले, थोडं थांबल्या आणि मऊ कापडाच्या वातीनं काहीतरी अलगद बाहेर ओढलं. शेंबडात लपेटलेला पांढरा पुंजका. दुसऱ्या नाकपुडीतून आणखी एक.

"ही रुई आहे. घरात कापूस भरून ठेवलाय?"

"नाही," मी म्हटलं. आणि मग आठवलं. रोज संध्याकाळी निकेश ट्रकवरची ताडपत्री काढायचा आणि आमच्या खिडकीखाली उभा राहून झटकायचा. फट्, फट्. मी त्या वेळी खिडकी उघडी ठेवायचे, कारण तेव्हा धूर नसायचा.

डॉक्टर सासूबाईंकडे वळल्या. "आजी, हिला काय काय देता?"

"काईच देऊ देत नाई हे," सासूबाई म्हणाल्या.

"मग नका देऊ. धूर वाईटच, तोही टाळा. पण तोंडावाटे कितीही औषधं घातली तरी उपयोग काय? वाट बंद आहे नाकाची. पुरेसा श्वास मिळाला नाही की ती घुरघुरणार आणि खोकणार. नाक मोकळं करा, बस."

मयूनं एक शिंक दिली, आजूबाजूला पाहिलं आणि माझ्या कुशीत शिरून न थांबता, न सोडता दूध प्यायली. किती दिवसांनी.

परतताना सासूबाई झोपल्या. मयूही झोपली, तोंड मिटून, नाकानं श्वास घेत. घुरघुर एकट्या ट्रकची उरली. आणि त्या शांततेत डॉक्टरांचं वाक्य माझ्या डोक्यात फिरू लागलं. वाट बंद आहे नाकाची.

कॉलेजात पहिल्या वर्षी आम्ही जळत्या मेणबत्तीवर काचेचा पेला उपडा ठेवला होता. विझायच्या आधी तिनं पेला आतून काळा केला होता. हवा कमी पडली की जळण पुरं जळत नाही. काळा धूर येतो. मेणात कितीही ऑइल ओता.

"अहो," मी म्हटलं, "ट्रक श्वास कुठून घेतो?"

निकेश हसला. "श्वास? समोर बोनेटाखाली एक डबा असते, एअर क्लीनर. तिथून हवा ओढते. काऊन?"

"सहज."

प्रेमदास होता तेव्हा सकाळी बोनेटात डोकं घालून काहीतरी ठोकत-झटकत असायचा, हे मी खिडकीतून पाहिलेलं होतं. तो गेल्यापासून तिथं कुणी डोकं घातलं नव्हतं. अडीच-तीन महिने, सगळा कापूस, सगळी सरकी.

मी गप्प बसले. कारण मी सांगितलं आणि धूर थांबला, तर शब्दाप्रमाणे ट्रक जन्मभर माझ्या उशाशी. नाही सांगितलं, तर संक्रांतीनंतर ट्रक जिनिंगात आणि अंगण मोकळं. मयूला मोकळी हवा. फक्त तोंड बंद ठेवायचं होतं.

मागून बसचा हॉर्न वाजत होता, वाजतच होता. निकेश खिडकीतून हात काढून तिला पुढे जायला सांगत होता, पण धुरामुळे बसवाल्याला तो हात दिसत नव्हता. शेवटी बस अंगावर आल्यासारखी बाजूनं निघून गेली. निकेशनं घाम पुसला, हिवाळ्यात. हा रोज असाच जातो, मला त्या क्षणी कळलं. आणि ताडपत्री? ट्रक जिनिंगात राहिला तरी हा ती खांद्यावर घेऊन घरी येईल आणि खिडकीखालीच झटकेल. याचा काही नेम नाही.

सांगायचं, मी ठरवलं. पण फुकट नाही.

घरी पोचलो तर मामाजी आणि अण्णाजी ओट्यावर. मामाजींनी चहासुद्धा घेतला नव्हता. मयू ठीक आहे म्हटल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि अण्णाजींनी पिशवीतून एक नवी बाटली काढली.

"हे विलायती हाये," अण्णाजी म्हणाले. "हे टाकलं का धूर..."

"थांबा काका," मी म्हटलं. "मामाजी, ट्रकचा धूर का येतो ते मला कळलंय."

अण्णाजी बाटली धरून तसेच राहिले. "तुले?"

"हो. पण आधी माझ्या अटी."

"हे तं डॉक्टरपेक्षा महाग हाये," मामाजी म्हणाले, पण सरसावून बसले. "बोल."

"टाकीत आजपासून डिझेलशिवाय काही जाणार नाही. मयूच्या पोटात माझ्या दुधाशिवाय आणि डॉक्टरांनी दिलेल्या औषधाशिवाय काही जाणार नाही. कापराचं तेलसुद्धा चोळायचं नाही. तुम्ही आणि आई, दोघांनी मंजूर म्हणायचं. ताडपत्री गावाबाहेर झटकायची. आणि ट्रक अंगणात राहिला तर तोंड खिडकीकडे, सायलेन्सर रस्त्याकडे."

"आन् तुह्यं खोटं निंगालं तं?" सासूबाईंनी विचारलं. झोपेतून उठल्या होत्या, पण डोळे लखलखीत.

मी डबा उघडून पाहिलेला नव्हता. आत स्वच्छ जाळी निघाली तर? मी मयूकडे पाहिलं.

"खोटं निघालं तर तुम्ही द्या घुटी. ट्रकला द्या, मयूला द्या, मलाही द्या."

सासूबाई चटकन आत गेल्या. मी म्हटलं रागावल्या. तर त्या सहाण, वेखंड आणि पाण्याची वाटी घेऊन बाहेर आल्या आणि ओट्यावर तयारीत बसल्या. "हं. उघडा."

निकेशनं बोनेट उघडलं. डब्याचं झाकण बसलं होतं घट्ट. तो पाना लावून जोर करू लागला. अण्णाजी म्हणत होते, "एअर क्लीनर? त्याचा काय संबंध?" सासूबाईंनी वाटीत वेखंड बुडवलं. पहिला वेढा घेतला, सहाणेवर खर्र आवाज झाला. 

झाकण निघालं.

 निकेशनं आत हात घातला आणि ओढलं. ते येतच राहिलं. रुई, धूळ आणि तेल यांचा दाबून दाबून झालेला, घोंगडीसारखा जाड, काळपट नमदा, मध्ये सरकीचे दाणे. त्यानं तो ओट्यावर ठेवला. मांजर बसल्यासारखा दिसत होता.

"बाप्पा," मामाजी म्हणाले. "याच्यात तं उशी भरते."

"एवढं नाकात घेऊन हा चालून राह्यला होता?" सासूबाईंचं वेखंड हातातच राहिलं. त्यांच्या आवाजात इतकी माया होती की मला ट्रकचा हेवा वाटला. "आन् आपण त्याच्या तोंडात ओतून राह्यलो!"

निकेशनं डबा धुतला, पुसला, धूळ धरायला त्याच्या तळाशी असतं ते तेल नवं घातलं, झाकण लावलं. स्टार्टर मारला. ट्रकनं टाकीत उरलेल्या पापांचा एक निळा ढग सोडला, तो विरला, आणि मग सायलेन्सरच्या तोंडाशी हवा नुसती थरथरताना दिसली. काळं काही नाही. मी मयूच्या नाकावरून पदर काढला. ती इंजिनाच्या आवाजात झोपून होती.

"मी हेच सांगणार होतो," अण्णाजी म्हणाले आणि विलायती बाटली पिशवीत घातली.

सासूबाईंनी सहाणेवरचं वेखंड पाण्यानं धुऊन तुळशीच्या कुंडीशी ओतलं.  शब्द पाळला. पाळताहेत असं मी समजते. सहाण कोरडी आहे ना, हे मी रोज बोट लावून पाहते.

संक्रांतीला मयूचं बोरन्हाण झालं. माहेरहून आई आली होती. काळं झबलं, हलव्याचे दागिने, डोक्यावरून बोरं, चुरमुरे आणि तिळाच्या रेवड्या. गल्लीतली पोरं वेचायला तुटून पडली. ट्रक अंगणातच होता, तोंड खिडकीकडे करून, आरशाला झेंडूची माळ. मामाजींनी मूठभर बोरं उचलली आणि कुणाचं लक्ष नाही असं पाहून बोनेटवरून सोडली. खडखड आवाज झाल्यावर सगळ्यांचंच लक्ष गेलं.

"त्याचंबी व्हायचं राह्यलं होतं," ते म्हणाले.

आईनं मयूला मांडीवर घेतलं, तिच्या गळ्यातला हलव्याचा हार सारखा केला आणि मला विचारलं, "रीता, मी दिलेलं बोंडलं कुठंय गं? आण ना, आज त्यातूनच थेंब दे तिला."

 निकेश चुरमुरे वेचायला खाली वाकला. सासूबाई वाण आणायला आत गेल्या. कोकिळाबाईंनी कान टवकारले. मी मयूच्या केसांतला चुरमुरा काढू लागले.

मामाजी घसा खाकरून पुढे झाले.

"विहीणबाई, ते आमच्या थोरल्या नातवाले देलं."

"थोरला नातू?" आईनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग निकेशकडे. तिच्या चेहऱ्याचा रंग उतरायला लागला. "कोणता थोरला नातू?"

मामाजींनी ट्रकचं दार उघडून दाखवलं. डॅशबोर्डवर, गणपतीच्या शेजारी, लिंबू-मिरचीखाली, राखेनं घासून लख्ख केलेलं माझं चांदीचं बोंडलं काळ्या दोऱ्यात बांधून टांगलं होतं. रिकामं.